डोंगरगावाचे आठ महिने

भिवंडी हे नाव उच्चारले म्हणजे आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनात यंत्रमागांचा खडखडाट, अरुंद गल्ल्या आणि अलीकडे नाशिकच्या हमरस्त्याच्या दुतर्फा पसरलेली गोदामे उभी राहतात. ते चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ह्याच तालुक्याच्या उत्तरेस दुगाडच्या बाजूने जाणारी वाट धरली की गुमतारा किल्ल्याचा डोंगर लागतो, पुढे तानसा नदीचे खोरे व वज्रेश्वरी येते, आणि पूर्वेस शहापूरच्या हद्दीत माहुलीचे सुळके दिसू लागतात. वज्रेश्वरीस व गणेशपुरीच्या उष्ण कुंडांवर येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या मोठी आहे. त्यांपैकी मान वर करून डोंगराकडे पाहणारे थोडे. त्या उतारांवर वारली, कातकरी, ठाकूर व मल्हार कोळी लोकांचे पाडे वसलेले आहेत. ह्या पाड्यांचे आजचे जीवन कसे चालते व उद्या त्यांचे काय होणार, ह्याचा विचार आम्ही ह्या पाठात करणार आहो. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची घरेच अशा गावी आहेत; त्यांना ह्यातील पुष्कळसे ठाऊक असेल. तरी जे रोज डोळ्यांसमोर असते त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो, म्हणून तो मांडून पाहू.

प्रथम शेतीकडे वळू. डोंगरगावात जमिनीचे दोन प्रकार असतात. सखल भागी बांध घालून केलेली भाताची खाचरे, आणि वर उतारावरची वरकस जमीन. खाचरात भात होते. वरकसावर नागली, वरी, उडीद, तूर, खुरासणी ही पिके आलटून पालटून घेतात आणि मग ती जमीन काही वर्षे पडीक टाकतात. फाल्गुन-चैत्रात झाडांचे शेंडे तोडून, त्यांवर पालापाचोळा, गवत व शेण पसरून राब भाजतात. मृगाचा पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकावयाचे, तीनचार आठवड्यांनी रोपे उपटून खाचरात आवणी करावयाची, श्रावणात बेणणी, आणि आश्विन-कार्तिकात कापणी. सर्व काम चार महिन्यांच्या पावसावर. हा पाऊसही थोडाथोडका नव्हे; वर्षास शंभर इंचांच्या आसपास पडतो. तथापि येथील खडक काळा पाषाण आहे. त्याच्या अंगी पाणी मुरवून ठेवण्याचा गुण थोडा असल्यामुळे डोंगरावर पडलेले पाणी दिवाळीपर्यंत ओढ्यांतून वाहून जाते आणि माघापासून बायका हंडे घेऊन झऱ्याच्या काठी बसतात.

ह्या गोष्टीत एक विलक्षण विसंगती आहे. ज्या डोंगरांत फाल्गुनात पिण्यास पाणी नाही, त्याच डोंगरांचे पाणी मुंबई शहर पिते. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. भातसा नदीचे पाणी पिसे येथे उचलून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते, आणि ही दोन्ही ठिकाणे भिवंडी तालुक्यातच आहेत. मुंबईच्या सात तलावांपैकी पाच ह्या सह्याद्रीच्या उतारांवर व त्यांच्या लगत आहेत. जलवाहिन्यांचे मोठमोठे नळ ज्या गावांच्या शिवारांतून जातात, त्यांपैकी कित्येक गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहराला पाणी देऊ नये असे आमचे म्हणणे नाही, तहान सर्वांचीच. परंतु ज्या गावच्या डोंगरातून ते पाणी गेले त्या गावाची पाळी सर्वांच्या शेवटी का यावी, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्या गावास आहे.

आता धान्याच्या कणगीत डोकावू. एक-दोन एकर खाचर व थोडी वरकस जमीन असलेल्या घराचे भात साधारणपणे होळीपर्यंत, फार तर वैशाखापर्यंत पुरते. कातकरी कुटुंबाजवळ बहुधा तेवढेही शेत नसते. पुष्कळ वाड्यांत तर घराखालची जागाही दुसऱ्याच्या नावावर असते. खैरापासून कात काढणे हा त्यांचा मूळचा धंदा, त्यावरूनच त्यांचे नाव पडले; जंगलाचे कायदे कडक झाले तसा तो धंदा बुडाला व ते मजुरीवर आले. आषाढ-श्रावणात सर्वांत अधिक कष्टाचे काम आणि सर्वांत रिकामी कणगी, हे दोन्ही एकाच वेळी येतात. जंगलातील शेवळे, कंद, कोवळ्या पालेभाज्या व ओढ्यातील मासे-खेकडे ह्यांवर काही दिवस निघतात. परंतु मीठ, तेल, औषध, कोणाचे लग्न, कोणाचे मरण ह्यांस रोकड लागते, आणि ती घरात नसते.

पूर्वी ह्या वेळी सावकार पुढे येई. तो खावटी म्हणून धान्य देई आणि पीक निघाले की दिढीने वा दुपटीने परत घेई. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण सावकाराचा लग्नगडी होई. त्याची बायकोही त्याच घरी राबे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी अधिकारी सिमिंग्टन ह्यांनी डोंगरी जमातींच्या स्थितीची जी चौकशी केली, तीत ह्या वेठीचे वर्णन आलेले आहे. १९४० साली बाळासाहेब खेर ह्यांनी आदिवासी सेवा मंडळ स्थापिले. १९४५ साली डहाणू व उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठ करणार नाही असे एकमुखाने सांगितले. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर ह्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पुढे १९४८चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा कूळ जमिनीचा मालक गणला गेला. ज्याचे नाव दप्तरात लागले होते त्याचा लाभ झाला. ज्याचे लागले नव्हते, त्याच्या हाती काही आले नाही; आणि डोंगरगावात नाव लावून घेणारे, तलाठ्यापर्यंत जाऊन कागद मागणारे किती असतील ह्याची कल्पना वाचकांनी करावी.

सावकाराचा ओटा गेला, पण श्रावणातली रिकामी कणगी राहिली. त्या जागी आता वीटभट्टीचा मुकादम येतो, आणि ह्या पाठातील मुख्य गोष्ट हीच आहे. भिवंडी, कल्याण, वसई, ठाणे ही शहरे ज्या विटांनी उभी राहिली, त्यांचा मोठा भाग ह्याच पट्ट्यातील भट्ट्यांवर आदिवासी हातांनी थापला गेला. मुकादम पावसाळ्यातच, पुष्कळदा गणपतीच्या सुमारास, गावात येतो आणि कुटुंबास आगाऊ रक्कम देतो. हिला कोठे बयाणा म्हणतात, कोठे उचल. दिवाळी झाली की कुटुंब मुलाबाळांसह, कोंबड्या व भांडी घेऊन भट्टीवर जाते आणि मृगाच्या तोंडावर परतते. तेथे कुडाच्या व गवताच्या बुटक्या झोपडीत राहावयाचे; तिला भोंगा असे नाव आहे. म्हणजे चार महिने गाव आणि आठ महिने, किंवा सहा-सात तरी, भोंगा.

उचल ही मदत आहे की फास, हे समजण्यासाठी एक उदाहरण करून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून ते पुन्हा मांडावे. समजा, एका जोडप्याने ३०,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर दर आठवड्यास तेल-मिठासाठी २,००० रुपये खर्ची मिळते आणि ती नावावर लिहिली जाते. हंगाम चोवीस आठवड्यांचा धरला तर खर्ची ४८,००० झाली. उचल व खर्ची मिळून ७८,००० रुपये. हजार विटांस ६०० रुपये दर धरला, तर हे पैसे फिटण्यास १,३०,००० विटा थापल्या पाहिजेत. आठवड्याचे सहा दिवस धरून एकशे चव्वेचाळीस दिवस होतात, म्हणजे एक दिवसही न चुकता रोज नऊशेंवर विटा. माती भिजविणे, तुडविणे, थापणे, वाळत घालणे, रचणे, सर्व त्यातच. आता मध्येच बाईस ताप आला, एकदा अवकाळी पाऊस पडून कच्च्या विटा विरघळल्या, आणि मोजणीच्या वेळी मुकादमाने फुटक्या विटा वजा केल्या. भरल्या १,२०,०००. त्यांचे झाले ७२,०००. सहा महिने दोन माणसे राबली, पोरेही राबली, आणि ज्येष्ठात घरी जाताना ६,००० रुपये बाकी डोक्यावर राहिली. ती बाकी पुढील वर्षी फेडण्यासाठी त्याच मालकाकडे गेले पाहिजे. श्रावणात पुन्हा उचल घेतली की तीत ही बाकी मिळते.

ह्या हिशेबात दोन गोष्टी कोठेच दिसत नाहीत. एक, सरकारने ठरविलेले किमान वेतन. दुसरी, मजुराच्या हातची वही. वही एकाच बाजूजवळ असते. आम्हांस वाटते, डोंगरगावातील शाळेचा अगदी साधा उपयोग कोणी विचारला तर हाच सांगावा, की चौथी शिकलेल्या मुलीने रोज संध्याकाळी आईबापांनी थापलेल्या विटा, मिळालेली खर्ची व तारीख एका वहीत लिहावी. वरच्या उदाहरणात आकडेमोड कठीण नाही. ती आजवर दुसऱ्याने केली, एवढेच.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घेतले पाहिजे. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याने वेठीस कारण असलेले कर्ज फेडण्याचे दायित्व संपुष्टात आणले, आणि वेठ करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच होय. पुढच्या वर्षी दगडखाणीच्या मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी सांगितले की मजुरावर सक्ती होत असल्याचे दिसले तर ती आगाऊ घेतलेल्या रकमेपोटीच आहे असे धरून चालावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. त्याच सुमारास, १९८२ साली, विवेक व विद्युल्लता पंडित ह्यांनी ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटना स्थापिली आणि वेठबिगारांस सोडविण्याचे काम हाती घेतले. सुटलेल्या मजुरास प्रांताधिकाऱ्याकडून मुक्तीचा दाखला मिळावयास हवा. केंद्रीय योजनेप्रमाणे पुनर्वसनाचे साह्य मिळण्यास तो दाखला लागतो. पुष्कळ जण सुटून घरी येतात, पण दाखला न घेताच येतात, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा कोणाच्या तरी उचलीत सापडतात.

येथे कोणी म्हणेल, की पैसे घेतले ते फेडू नयेत काय? प्रामाणिक माणसाचा हा प्रश्न आहे आणि त्याचा उपहास करता कामा नये. डोंगरातला माणूस दिलेल्या शब्दास जागतो, म्हणूनच तर मुकादम त्यास कागदावाचून पैसे देतो. परंतु जे कर्ज मोजण्याचा अधिकार केवळ देणाऱ्याजवळ आहे, जे फेडण्यासाठी दुसऱ्या कोठे मजुरी करण्याची मोकळीक नाही, ते कर्ज आणि पेढीवरचे कर्ज ह्यांत फार अंतर आहे.

मुलांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. कार्तिकात शाळा सुटते व आषाढात पुन्हा धरली जाते, असे दोन-तीन वर्षे झाले की मूल शाळेच्या पटावर राहते, पण अक्षर विसरते. ह्यावर ठाणे जिल्ह्यातच दोन उत्तरे शोधली गेली, आणि दोन्हींत शाळाच मुलांकडे गेली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी-कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. गुरे चरतात तेथेच शाळा. पुढे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पंडितांच्या विधायक संसद संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा उघडल्या. आता सरकार स्थलांतर करणाऱ्या मुलांस शिक्षण हमी कार्ड देते. ते घेऊन मूल भट्टीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू शकते. कार्ड गावच्या गुरुजींकडून निघण्यापूर्वी मागून घ्यावे लागते. शिधापत्रिकाही आता एकाच दुकानास बांधलेली नाही. भट्टीजवळच्या दुकानातून त्याच पत्रिकेवर धान्य घेता येते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांची खर्ची कमी होते, आणि खर्ची कमी झाली की उचल लवकर फिटते.

आता भविष्याकडे पाहू. डोंगरगाव टिकेल काय? आमचे मत असे की श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे अन्न आणि माघापासून ज्येष्ठापर्यंतचे काम ह्या दोन गोष्टी गावात झाल्या तर टिकेल. त्या न झाल्या तर नुसती रस्त्याची व समाजमंदिराची उद्घाटने होऊन काही व्हावयाचे नाही.

त्यात पहिला जमिनीचा कागद. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरांपर्यंत हक्क मान्य केला. हा हक्क पती व पत्नी दोघांच्या नावे लागतो, वारसांकडे जातो, परंतु विकता येत नाही. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे दाखल होतो. वृद्धांचे जबाबही पुराव्यात धरले जातात; आणि गमतीची गोष्ट अशी की पूर्वी अतिक्रमण म्हणून वनखात्याने ज्या दंडाच्या पावत्या फाडल्या, त्याच आता वहिवाटीचा पुरावा म्हणून उपयोगी पडल्या आहेत. आजोबांच्या पेटीच्या तळाशी असलेली एखादी जीर्ण पावती कोणी चुलीत घालू नये. ह्याच कायद्याने गावास सामूहिक हक्कही दिला आहे, म्हणजे आपल्या जंगलाचे रक्षण व व्यवस्था गावाने करावी. तो मागणारी गावे अजून थोडी आहेत.

कागदाबरोबर त्यावरचा धोकाही वाढतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि तो भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन थांबतो. गोदामांसाठी जागा शोधणारे दलाल आता पूर्वीपेक्षा आतल्या गावांत येऊ लागले तर नवल नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीस जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून देता येत नाही, असे जमीन महसूल कायद्यात १९७४ पासून आहे. तरी कोऱ्या कागदावर अंगठे, कुलमुखत्यारपत्रे, नातलगाच्या नावाने खरेदी, असल्या वाटा काढल्या जातात. जमिनीचा मोबदला म्हणून आलेली मोठी रक्कम मोटारसायकलीत व लग्नात संपते, आणि मग त्याच जमिनीवरच्या गोदामात पहारेकऱ्याची जागा मिळाली तरी माणूस सुदैव समजतो.

दुसरे, शेतीची रीत. राब भाजण्यासाठी झाडे छाटावी लागतात, त्यावरून वनखाते व शेतकरी ह्यांचा तंटा शंभर वर्षांहून जुना आहे. १८८० च्या दशकात ह्यासाठी सरकारास वनसमिती नेमावी लागली होती. राबाने तण व कीड मरते, म्हणून शेतकरी तो सोडीत नाही. त्यास अज्ञान म्हणणे सोपे आहे. पण त्याऐवजी दुसरे काही द्यावे लागते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरात दाबणे, तुसाची राख रोपवाटिकेत मिसळणे, ठरावीक अंतरावर थोडी रोपे लावणे ह्या चारसूत्री पद्धतीतील गोष्टींस फार खर्च नाही. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी चिखलणी व आवणी दोन्ही टाळून गादीवाफ्यावर भात टोकण्याची रीत बसविली आहे. तिच्यात आषाढातील मोडणारी पाठ वाचते, आणि त्याच वाफ्यावर पुढे वाल-हरभरा घेता येतो. शेजारच्या वाड्याच्या कोलम तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा चांगल्या वाणास बाजार आहे हेही दिसून आले. जंगलाच्या मालाचेही तसेच. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या द्वारे गुळवेल गोळा करून मोठ्या औषधी कारखान्यांस विकली. व्यापाऱ्याच्या तागडीवर टाकली असती तर तिचे काय मिळाले असते ते सर्वांस ठाऊक आहे. १९८२ पासून गुजरातेत वांसद्याकडे आणि पुढे जव्हारच्या बाजूस बाएफ संस्थेने आंबा-काजूच्या वाड्या लावल्या. एका एकराची वाडी लगेच पैसे देत नाही, परंतु उन्हाळ्यात पाणी घालण्यास घरी माणूस लागते, आणि ह्या कारणाने कुटुंब घरी राहते.

रस्त्याविषयी एवढेच म्हणतो, की सकाळी निघून रात्री परत आणणारी एस.टी. ज्या पाड्याजवळून जाते तेथला तरुण गोदामात काम करून घरी झोपतो. जेथे ती जात नाही तेथला तरुण भिवंडीत खोली घेतो व हळूहळू गावाचा राहत नाही.

राहिले पाणी. मोठी धरणे आपल्या हातची नव्हेत, परंतु ओढा आपल्या हातचा आहे. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्यात आडवी रचली की वनराई बंधारा होतो. त्यास खर्च जवळजवळ नाही. वीस-पंचवीस माणसांचे एक-दोन दिवसांचे श्रम लागतात. अडलेले पाणी माघापर्यंत टिकले तरी काठच्या खाचरांत वाल, हरभरा व थोडी भाजी होते, गुरांस पाणी मिळते, आणि खालच्या झऱ्याचे आयुष्य महिन्याभराने वाढते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला. बांधबंदिस्तीची व तळ्याची कामे त्यातून मागता येतात, मात्र मागणी लेखी द्यावी व पोच घ्यावी. पोत्यांचा बंधारा ओढा वाहता असतानाच घालावा लागतो, म्हणजे कापणी आटोपताच कार्तिकाच्या आरंभी. कुटुंबे भट्टीवर निघतात तीही त्याच पंधरवड्यात. म्हणून ज्या गावास बंधारा घालावयाचा असेल त्याने त्याचा दिवस भाद्रपदातच, मुकादम गावात येण्यापूर्वी, ग्रामसभेत ठरवून टाकावा.